पाटीवरचे पक्षी

(मंडळाच्या कोजागिरीच्या निधी संकलन कार्यक्रमात, डर्बन येथे केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडी काटछाट करून.)



मसाला दूध उकळायला ठेवलं आहे आणि ते आटेपर्यंत तुम्ही बोला, असं मला कार्यकारिणीनं सांगितलं आहे. म्हणजे माझ्या भाषणाची लांबी माझ्या हातात नाही, दुधाच्या हातात आहे. तेव्हा कंटाळा आला तर कृपया माझ्याकडे बघू नका, गॅसकडे बघा.

आज आपण एका शाळेच्या वाचनालयासाठी पैसे जमवतो आहोत. शाळा कुठली, किती मुलं, कपाटं किती लागणार, हे सगळं आपल्या खजिनदारांनी मघाशी व्यवस्थित सांगितलं. आकडे त्यांच्याकडे आहेत. मी तुम्हाला त्या शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यांबद्दल सांगणार आहे. रस्त्यांबद्दल म्हणजे खड्ड्यांबद्दल नाही, पाट्यांबद्दल.

पण आधी एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरी आठवड्यातून तीन दिवस मदतीला एक बाई येतात. त्यांना आम्ही गोगो म्हणतो. झुलूत गोगो म्हणजे आजी. गोगोंना आमच्या मुलीची जन्मतारीख पाठ आहे, सौ.च्या गुडघ्याची तक्रार पाठ आहे, वरणात हिंग किती घालायचा तेही माहीत आहे. आणि मला? मला नऊ वर्षांत गोगो नेमक्या कुठे राहतात ते ठाऊक नव्हतं. 'वस्तीत' एवढंच. संध्याकाळी फार तर टॅक्सी रँकपर्यंत सोडायचो आणि गाडी वळवायचो.

मग २०२१ चा जुलै आला. इथे बसलेल्या कुणालाच तो आठवडा नव्यानं सांगायला नको. माजी अध्यक्ष झुमा यांना तुरुंगात टाकलं, महामार्गावर ट्रक पेटले, मॉल लुटले गेले, आणि दोन प्रांतांत मिळून साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. आपण गल्लीच्या तोंडाशी गाड्या आडव्या लावून रात्र रात्र पहारा दिला. दुधाच्या पिशवीसाठी तीन तीन तास रांगेत उभे राहिलो. त्या गडबडीत तिसऱ्या दिवशी गोगोंचा फोन आला. मला वाटलं, काहीतरी हवं असेल. त्यांनी विचारलं, "पोरीला दूध मिळालं का?"

आठ-दहा दिवसांनी रस्ते मोकळे झाले तेव्हा मी मक्याचं पीठ, तेल, साखर असं थोडं सामान गाडीत घातलं आणि पत्ता विचारला. नऊ वर्षांत पहिल्यांदा! गोगो म्हणाल्या, "इन्कोन्जाने स्ट्रीट. पाण्याच्या नळापासून तिसरं घर." मी एका जुन्या बिलाच्या मागं मराठीत लिहून घेतलं, कारण झुलू स्पेलिंग माझ्यानं झालं नसतं.

वस्तीच्या तोंडाशी गोगोंचा नातू उभा होता, वय दहा. तो गाडीत पुढे बसला आणि बोटानं पाट्या दाखवायला लागला. उखोझी. इन्द्वा. इसाकाबुली. इन्कांकाने. मी विचारलं, ही काय पुढाऱ्यांची नावं आहेत का? तो पोट धरून हसला. म्हणाला, "अंकल, दे आर ऑल बर्ड्स!"

तर मंडळी, त्या दिवसापासून मला या पाट्यांचं वेड लागलं. जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

उखोझी म्हणजे गरुड. हा शब्द तुम्ही रोज ऐकता, फक्त लक्ष नसतं. मिनीबस टॅक्सीत जो रेडिओ लागलेला असतो तो उखोझी एफएम, देशातलं सर्वांत जास्त श्रोते असलेलं स्टेशन. पूर्वी त्याचं नाव रेडिओ झुलू होतं. भाषेचं नाव काढून गरुडाचं नाव ठेवलं, आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आपण आकाशवाणीचं नाव 'गरुड' ठेवलं असतं तर वर्तमानपत्रांत महिनाभर पत्रं आली असती.

इन्द्वा म्हणजे निळा क्रौंच, या देशाचा राष्ट्रीय पक्षी. जुन्या पाच सेंटच्या नाण्यावर तोच होता. २०१२ मध्ये ते नाणं पाडणं बंद झालं, पण आपल्या घरातल्या एखाद्या बरणीत अजून असेल, शोधा. शाका राजाचं इंग्रज पाहुण्यानं काढलेलं जे चित्र प्रसिद्ध आहे त्यात त्याच्या डोक्यावर एक लांबलचक पीस आहे. ते क्रौंचाचं.

इसाकाबुली हा काळा, लांब शेपटीचा पक्षी. पावसाळ्यात नराची शेपटी इतकी वाढते की उडताना पतंगाच्या शेपटीसारखी लोंबते. झुलू सैनिकांच्या शिरोभूषणात या पिसांचे झुपके असत. आणखी एक आहे, इग्वालाग्वाला. हिरवा-निळा, पण पंख उघडले की आतून लालभडक. ती लाल पिसं राजघराण्याची. त्या लाल रंगात चक्क तांबं असतं, असं शास्त्रज्ञ सांगतात.

आणि इन्कांकाने? याला तुम्ही सगळे ओळखता. रोज पहाटे पाच वाजता छपरावर बसून जो 'हा-हा-हादेदा' असा गळा काढतो आणि ज्याला आपण सकाळी सकाळी मराठीतली निवडक विशेषणं लावतो, तोच हा हादेदा. इंग्रजीत त्याला त्याच्या ओरडण्यावरून नाव आहे, झुलूतही तसंच. एकाच आवाजाची दोन कानांनी केलेली नोंद!

बरं, पक्षी नुसते पाट्यांवर नाहीत. गुरांच्या रंगांची नावंसुद्धा पक्ष्यांवरून. एका ठिपकेदार गाईच्या रंगाला म्हणतात 'चंडोलाची अंडी'. राजाच्या पांढऱ्या शुभ्र गुरांच्या कळपाचं नाव होतं 'न विसावणारा पक्षी'. आपल्याकडचा शेतकरी खिल्लारी, कोसा, कपिला म्हणतो ना, तसंच हे.

आता मुख्य गोष्ट. इन्सिंगिझी नावाचा एक मोठा काळा धनेश आहे, जमिनीवर चालणारा. पावसाशी त्याचं नातं मानतात. या देशात आता तो फार थोडा उरला आहे. नर-मादी पहाटे आळीपाळीनं घुमतात. झुलू माणसाला त्यात नवरा-बायकोचं भांडण ऐकू येतं. ती म्हणते, मी चालले, मी चालले, माझ्या माहेरी चालले. तो म्हणतो, जा की, केव्हाची नुसतं म्हणतेयस! (इथे पुढच्या रांगेतल्या भगिनींनी हसू नये. पुरुषमंडळींनी तर मुळीच नाही.)

आणि दुसरा पक्षी उफेझुकोमखोनो. नाव लांब आहे, पण सोडू नका. शब्दाचा अर्थ 'दंडावर', 'हातावर'. हा एक कोकिळेच्या जातीचा पक्षी. ऑक्टोबरात, पहिल्या पावसाच्या सुमारास ओरडायला लागतो. झुलू शेतकऱ्याला त्यात ऐकू येतं, हात उचला, कुदळ खांद्यावर घ्या, पेरणीला लागा.

मंडळी, हे मला त्या नातवानं सांगितलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. कारण माझे आजोबा कोकणातले नव्हेत, देशावरचे, कोरडवाहू शेती करणारे. जून लागला की ते अंगणात बसून कान देऊन ऐकायचे. पावशा ओरडायचा आणि आजोबा म्हणायचे, ऐक, तो काय सांगतोय? 'पेरते व्हा, पेरते व्हा!' पावशासुद्धा कोकिळेच्याच कुळातला. मधे अख्खा हिंदी महासागर, ऋतू उलटे, भाषा एकमेकींना कधी न भेटलेल्या. आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्याला त्याच कुळातल्या पक्ष्याच्या ओरडण्यात तोच निरोप ऐकू आला. मी त्या पोराला 'पेरते व्हा' म्हणून दाखवलं. त्यानं ते तीनदा म्हटलं. मग मी 'उफेझुकोमखोनो' म्हटलं, तर तो म्हणाला, "अंकल, परत म्हणा." मी पाच वेळा म्हटलं. त्यानं पास केलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं छान, पण पाटीवरच्या नावात एवढं काय आहे? त्याचं उत्तर द्यायला मला थोडं मागं जावं लागेल.

डर्बनजवळची केटो मॅनर ही टेकडी तुम्ही महामार्गावरून जाताना पाहिली असेल. झुलूत त्या भागाला उमखुंबाने म्हणतात. तिथे गिरमिट संपलेल्या भारतीयांचे भाजीचे मळे होते आणि नंतर त्यांच्याच जमिनीवर भाड्यानं राहायला आलेल्या आफ्रिकन कुटुंबांची घरं. जानेवारी १९४९ मध्ये या शहरात भारतीय आणि आफ्रिकन यांच्यात मोठी दंगल झाली. सरकारी आकडा १४२ मृत्यूंचा. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, ग्रुप एरियाज कायदा आला आणि सरकारनं तोडगा काढला, दोघांनाही उचला! १९५८ पासून आफ्रिकन कुटुंबं क्वामाशूला हलवली. साठच्या दशकात भारतीय चॅट्सवर्थला. एकाच टेकडीवरून उठवलेली माणसं दोन दिशांना टाकली.

आणि त्यांना पत्ते काय दिले? क्वामाशूला ए सेक्शन, बी सेक्शन, सी सेक्शन. उमलाझीतही तीच बाराखडी. चॅट्सवर्थला युनिट एक, युनिट दोन, आणि रस्त्यांना नुसते आकडे. रोड सातशे अमुक, घर नंबर तमुक. ज्यांनी आयुष्यभर आपल्या ओढ्याला, आंब्याला, वळणाला नावं ठेवली होती त्यांनी आता पत्र्यावर आकडा वाचायचा. क्वामाशू हे नावच बघा ना. 'माशूचं ठिकाण', म्हणजे मार्शल कॅम्पबेल या साखर कारखानदाराचं. जोहान्सबर्गजवळच्या लेनेशियात आपल्या लोकांना पक्ष्यांची नावं मिळाली, पण कुठली? तिथे एक हमिंगबर्ड अव्हेन्यू आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात सापडतो. आफ्रिकेच्या आकाशात तो कधी उडालेला नाही, भारताच्याही नाही. कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी पक्ष्यांची इंग्रजी यादी उघडली आणि पाट्या रंगवल्या.

म्हणजे नाव दोन प्रकारे पडतं. एक यादीतून, एक कानातून. पुण्यात 'चिमण्या गणपती' हे नाव कुठल्या ठरावानं पडलेलं नाही. वस्तीत इन्कोन्जाने, इन्द्वा ही नावं पाटीवर येतात तेव्हा त्यामागे एखाद्या आजीनं ऐकलेला, तिच्या आजीनं सांगितलेला पक्षी असतो. आकड्याच्या जागी तो आला, याचा अर्थ इथे राहणाऱ्या माणसाची भाषा आणि आठवण पत्त्यात आली.

गंमत म्हणजे या नावांवर भांडण होत नाही. २००० च्या दशकात आपल्या शहरात शंभरावर रस्त्यांची नावं बदलली, तो गोंधळ जुन्या सभासदांना आठवत असेल. वेस्ट स्ट्रीटचं डॉ. पिक्सली कासेमे स्ट्रीट झालं, पॉइंट रोडचं महात्मा गांधी रोड. मोर्चे निघाले, पाट्यांना काळं फासलं गेलं, आणि पॉइंट रोडची ख्याती लक्षात घेता गांधीजींचा हा सन्मान की अपमान, यावर आपल्याच लोकांत वाद झाले. भिंगरीच्या नावाला मात्र अजून कुणी काळं फासल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या सगळ्यात एक पक्षी असा आहे जो कुणीच पाहिलेला नाही, फिनिक्स. १९०४ मध्ये गांधीजींनी इनांडाजवळ आश्रम काढला, 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना तिथे नेला. शेजारीच जॉन दुबे यांची ओहलांगे शाळा. १९९४ मध्ये मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते त्याच शाळेत. १९८५ च्या दंगलीत आश्रम जळाला. २००० मध्ये पुन्हा उभा राहिला, राखेतून उठणाऱ्या त्या पक्ष्यासारखा. आणि त्याच नावाच्या शेजारच्या भारतीय टाउनशिपमध्ये, जुलै २०२१ मध्ये, तीसहून अधिक माणसं मारली गेली. बहुतेक शेजारच्या वस्त्यांतले आफ्रिकन. पहारा देणाऱ्यांनी अनोळखी चेहरा बघून गाडी अडवली आणि पुढे जे व्हायला नको ते झालं.

मी कुणाला दोष द्यायला उभा नाही. मीही त्या रात्री हॉकी स्टिक घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. घाबरलो होतो. पण नंतर विचार करताना एक गोष्ट मला टोचत राहिली. त्या रात्री गोगोंचा मुलगा आमच्या नाक्यावर आला असता, आईची खुशाली सांगायला, तर मी त्याला ओळखलं असतं का? त्यानं पत्ता सांगितला असता, इन्कोन्जाने स्ट्रीट, तर मला त्यात काही कळलं असतं का? माझ्या दृष्टीनं तो फक्त 'वस्तीतला' असता. नाव माहीत नसलं की माणूस 'त्यांच्यातला' होतो, आणि भीतीच्या रात्री एवढं पुरेसं असतं.

म्हणून हे वाचनालय. त्या शाळेच्या बाईंनी आपल्याला सांगितलं, मुलांना इंग्रजी पुस्तकं मिळतात, जुनी का होईना. झुलू पुस्तकं फार कमी. आणि मुलं आता पाटी वाचतात, पण त्यावरचा पक्षी ओळखत नाहीत, कारण सांगणारी आजी दिवसभर कामाला गेलेली असते. कुणाकडे? मंडळी, आपल्याकडे.

क्वाझुलू-नाताळ विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅड्रियन कूपमन यांनी झुलू पक्षिनावं आणि पक्षिकथा यांवर एक मोठं पुस्तक २०१९ मध्ये काढलं. त्याआधी काही वर्षं झुलू बोलणाऱ्या पक्षी-वाटाड्यांना एकत्र बसवून, ज्या जातींना स्वतंत्र नाव नव्हतं त्यांना नाव ठरवण्याचं काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. एकाच 'उखोझी'त पाच-सात गरुड कोंबलेले होते, ते सुटे केले. असं ज्ञान विद्यापीठात राहून भागत नाही, ते चौथीच्या वर्गात यायला हवं. आपल्या निधीतून झुलू आणि इंग्रजी पुस्तकं, दोन कपाटं, आणि एका भिंतीवर त्या वस्तीच्या रस्त्यांचा नकाशा रंगवायचा आहे, प्रत्येक रस्त्यावर त्याचा पक्षी. मुलं घरी जाऊन आजीला विचारतील आणि आपापल्या रस्त्याच्या पक्ष्याची गोष्ट लिहून आणतील. ती वही वाचनालयात राहील.

मला माहीत आहे, पाटीनं नळाला पाणी येत नाही. इन्कोन्जाने स्ट्रीटची पाटी एका खिळ्यावर लोंबते आहे आणि तिसऱ्या घरापुढचा नळ गेल्या आठवड्यात दोन दिवस कोरडा होता. त्यासाठी नगरपालिकेशी भांडायला हवंच. आपलं मंडळ ते करू शकत नाही. पण पुस्तकांचं कपाट आपण नक्की देऊ शकतो.

शेवटचं सांगतो, दुधाचा वास यायला लागलाय. इन्कोन्जाने म्हणजे भिंगरी. दर ऑक्टोबरात ती युरोपातून हजारो मैल उडून इथे येते आणि एप्रिलमध्ये परत जाते. विमानतळाजवळच्या माउंट मोरलँडच्या लव्हाळ्यात एके काळी रोज संध्याकाळी लाखोंनी उतरायची. २०१० मध्ये नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा त्यांच्यासाठी रडार बसवावं लागलं. याच जातीची भिंगरी हिवाळ्यात आपल्या गावच्या तारांवरही ओळीनं बसलेली असते.

त्या दिवशी चहा घेताना मी गोगोंना म्हटलं, तुमच्या रस्त्याला परदेशी पाहुणीचं नाव दिलंय की! गोगो म्हणाल्या, "पाहुणी कशी? आमच्या भाषेत तिला नाव आहे."

मी तिथे काही बोललो नाही. पण घरी येताना हिशेब केला. मी या देशात सतरा वर्षं आहे. गोगोंनी मला पहिल्या महिन्यातच नाव दिलं होतं, 'बाबा'. मी त्यांच्या रस्त्याचं नाव शिकायला नऊ वर्षं लावली.

तेव्हा माझी विनंती दोन आहेत. दाराशी जी पेटी ठेवली आहे तिच्यात हात सैल सोडून पैसे टाका. आणि उद्या सकाळी तुमच्या घरी जे कुणी येईल, कामाला, बागेला, गेटवर, त्यांना विचारा, तुम्ही कुठल्या रस्त्यावर राहता? उत्तर आलं की नीट म्हणायला शिका. क्लिक आला तर घाबरू नका. बैल हाकताना आपण जीभ टाळूला लावून जो आवाज काढायचो, तोच आहे. आपल्याला तो येतो, फक्त विसरलोय.

दूध तयार आहे असा इशारा आलाय.